शकुंतला टीचरच्या फाशाबद्दल, नीट

शकुंतला टीचर जुगार शिकवत नव्हत्या.

काल दुपारी त्या गेल्या. वरचं पहिलं वाक्य मी त्या असताना लिहायला पाहिजे होतं.

सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला एकच फोटो. खाली ओळ, "हसतखेळत शिकवणाऱ्या आदर्श शिक्षिका."

ठेवणारे कोण? ज्यांनी त्यांचा खेळ बंद पाडला, तेच.

मी हुलसूरच्या बाजूला सुतारकाम करतो. शाळा चौथीपर्यंत. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, मोडक्या खुर्च्या उकलून बघत शिकलो. सूतभर चूक मला खपत नाही. म्हणून इथं पण सगळं मापात सांगतो.

टीचर आमच्या गावच्या मराठी शाळेत पहिली-दुसरीला होत्या. एक दिवस दुकानात आल्या नि म्हणाल्या, फासा पाहिजे. चार इंची. लेकराला दोन्ही हातांनी उचलून टाकावा लागंल असा.

मी म्हणलं, "कामून अक्का, शाळेत महाभारत करायलाव का?"

"पाटीवर बेरीज लिहिली की लेकरं रडायलेत, अण्णा. अंगणात उड्या मारत केली की घरी जा म्हणलं तरी जाईनात."

त्यांनी अंगणात चुन्यानं शंभर घरं आखली होती. फासा दोनदा टाकायचा, बेरीज करायची, तेवढी घरं पुढं. शंभरच्या पुढं गेलं की जास्तीचे मोजून मागं यायचं. झाली वजाबाकी. मेंढरांमागं चार महिने गाव सोडून गेलेली लेकरं परत आली की याच अंगणात बाकीच्यांना गाठायची.

मी सागवानी फासा करून दिला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात, कडा घासून गोल, आकड्यांच्या जागी खोलगट ठिपके.

आठ दिवसांनी टीचर अख्खी दुसरी घेऊन दुकानात हजर.

त्यातली रेणुका, सात वर्षांची, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मामा, तुमचा फासा लबाड हाय. सहाच लई पडायलाय."

मी हसलो. टीचर हसल्या नाहीत. लेकरांनी प्रत्येक वेळी काय पडलं ते व्हरांड्याच्या भिंतीवर, आकड्याखाली रेघ मारून ठेवलं होतं. मी जाऊन बघितलं. सहाखाली रेघाच रेघा.

मी फासा चिरून बघितला. एकच्या बाजूला लाकडात गाठ. ती बाजू जड, म्हणून खाली बसायची नि सहा वर यायचा.

माझ्या कामात चूक काढणारी पहिली माणसं दुसरीत होती. याला शिकवणं म्हणतात.

दुसरा फासा केला. तो पण लेकरांनी तपासायला घेतला. पुन्हा भिंतीवर आकडे, आकड्याखाली रेघा.

आणि ती भिंत रस्त्याकडची.

आमच्या भागात भिंतीवर खडूचे आकडे दिसले की माणसाला शाळा आठवत नाही, मटका आठवतो. लोक थांबून वाचायला लागले. शाळा कमिटीच्या अध्यक्षांनी त्यातला आकडा लावला नि तो आला नाही, असं पानपट्टीवर ऐकलं. माझ्याकडं पुरावा नाही, म्हणून पक्कं आहे म्हणत नाही.

पण मीटिंग त्याच आठवड्यात लागली. हे पक्कं आहे.

बेरीज कशी शिकवता, एकानंही विचारलं नाही. खेळातून शिकवा, असं खात्याच्याच ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. तो कागद टीचरनी दाखवला. कुणी हातात घेतला नाही. लेकरांना बोलावून विचारा म्हणाल्या. लेकरांना काय कळतं, म्हणाले.

मग अध्यक्षांनी टेबलावर फासा ठेवला. "असला फासा गावात केला कुणी?"

मी दारापासून तिसऱ्या खुर्चीवर होतो. शाळेच्या बारा खिडक्यांचं काम मला मिळणार होतं.

मी खाली बघितलं.

टीचर म्हणाल्या, "मी आणलाय. माझंच नाव लिवा."

लिहिलं. रजिस्टरमध्ये असं आहे: "शिक्षिका मुलांना फासे टाकून जुगार शिकवतात. साहित्य जमा करून घेतले." खाली सात सह्या.

अंगणातली घरं पुसली. भिंतीला रंग मारला. खिडक्या मी केल्या. अजून एकही वाऱ्यानं वाजत नाही. ज्यांना बघायच्यात त्यांनी बघाव्यात, मला आता त्यांच्याकडं बघवत नाही.

टीचर दर वर्षी अर्ज द्यायच्या, ते वाक्य काढा म्हणून. रिटायर झाल्या त्या दिवशी शाल पुढं केली, तर म्हणाल्या, "शाल ऱ्हाऊ द्या. ते वाक्य खोडा." लोक हसले. गंमत करायल्यात, म्हणाले.

त्या गंमत करत नव्हत्या. त्यानंतर कार्यक्रमाला बोलावलं की त्या विचारायच्या, खोडलं का? नाही म्हणलं की जायच्या नाहीत.

एकदा मी घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला. म्हणाल्या, "मला सांगून काय व्हतंय, अण्णा? तिथं सांगा."

तिथं सांगायला मला त्यांच्या मरणापर्यंत वेळ लागला.

तर सगळ्या गावाला, अध्यक्षांना, सात सह्यावाल्यांना सांगतो. फासा मी केला. दोन्ही मीच केले. तो बेरजेचा होता.

उद्या दहा वाजता शाळेत शोकसभा आहे. त्याच अध्यक्षांचा फोन आला होता, दोन शब्द बोला म्हणून. मी रजिस्टरचं काढलं. "जुनं कशाला उकरायलाव अण्णा, बाई गेली आता," असं म्हणाले.

बाई गेली. वाक्य गेलं नाही. लेकरांची लेकरं त्या शाळेत येतील तेव्हा पण ते तिथंच असंल.

उद्या मी दोन शब्द बोलणार नाही. रजिस्टर मागणार. सातपैकी पाच जण हयात आहेत, त्यांनी सगळ्यांसमोर ते वाक्य खोडावं नि बाजूला सही करावी. कुणी अंगणात खेळलेलं असंल तर या. रेणुका, तू उदगीरला असतीस, जमलं तर तू पण ये.

टीचर, हार आणलाय. घालत नाही अजून.

आधी ते खोडू द्या. मग श्रद्धांजली.