केसरीनाथ मिस्त्रीची बादली

केसरीनाथ मिस्त्री म्हणजे आमच्या खाडीपट्ट्यातला पूल बांधणारा माणूस. मी ठमाबाई. बावीस वर्षं त्याच्या हाताखाली घमेली वाहिली, म्हणून सांगते. दुसऱ्या कुणाचं ऐकू नका.

चौऱ्याण्णव साल. खाडीच्या खाऱ्या पाण्यानं जुना पूल वीस वर्षांत खाल्ला, म्हणून शेजारी नवा उठत होता. इंजिनीअर सुनीती मॅडम, वयानं पोरगीच. तिनं काँक्रीटमध्ये घालायला करडी बारीक भुकटी आणली, सोबत एक रसायन. म्हणाली, "यानं पाणी कमी लागतं, खार आत शिरत नाही. वरून थेंबभरही पाणी घालायचं नाही."

अगं बाई! आमच्यात माल घट्ट वाटला की ओत बादली, हीच रीत. अन् हा माल तर मेला असा चिकट, फावड्याला सोडीना.

पहिल्या खांबाचा माल ओतायच्या दिवशी मॅडमचे वरचे मोठे साहेब आले. ठेकेदारानं संधी साधली. "साहेब, हे खूळ बंद करा. आजवर पूल उभे राहिले नाहीत का? मिस्त्री, ओत पाणी, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

साहेब मान डोलवायला लागले. मॅडमचं तोंड एवढंसं झालं. केसरीनाथनं बादली उचलली. माझं डोकंच फिरलं. भित्रा मेला!

पण तो बादली घेऊन जुन्या पुलाकडं निघाला. सगळे मागं. खांबाला त्यानं पहार टोचली, तर काँक्रीटचा भुगा पडला. आत सळई गंजून काडी झालेली.

"साहेब, हा पूल मी बांधलाय. यात बादल्या मीच ओतल्यात. ओत म्हणून कुणी सांगितलं न्हवतं."

उभ्या जन्माची अब्रू त्यानं चारचौघांत स्वतःच्या हातानं घालवली. त्या बादल्या मीही पाहिल्या होत्या, अन् गप्प राहिले होते. मला मान वर करवेना.

साहेब मॅडमला म्हणाले, "तुमचाच माल वापरा." ठेकेदारानं मात्र केसरीनाथला तिथंच हाकललं.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी हा हजर! पाण्याच्या पिंपावर झाकण टाकलं अन् वर मांडी घालून बसला.

"तुला कामावरून काढलंय ना?" ठेकेदार ओरडला.

"कामावर कुठं हाय? बसलोय."

मी घमेलं उचललं. जड होतं, पण त्या दिवशी मालात घालायला मी कुणाकडं पाणी मागितलं न्हाय.