शिकलेला साक्षीदार

आमच्या दादाला चाळिशी उलटल्यावर फौजदारी न्यायशास्त्र शिकायची हुक्की आली. दिवसा विमा कंपनीतली नोकरी, संध्याकाळी विद्यापीठ. तेव्हापासून घरात दूध उतू गेलं तरी हा ओरडतो, "घटनास्थळाला हात लावू नका!" वहिनी बिचारी फडकं हातात धरून उभी.

त्यात आमच्या खालच्या मजल्यावर चोरी झाली. दादाने गॅलरीतून पळणारा माणूस पाहिला. तोही तिन्हीसांजेला, पाठमोरा. पण पोलिसांना छातीठोकपणे सांगून आला, "आपल्या जिन्याला रंग देणारा रंगारीच तो." झालं, रंगारी कोठडीत! त्याच्याकडे चोरीचं काही सापडलं नाही. सगळी भिस्त आमच्या दादाच्या डोळ्यांवर.

खटला उभा राहायच्या आधी विद्यापीठात एक प्रात्यक्षिक झालं. भर वर्गात एक माणूस घुसला आणि शिकवणाऱ्या बाईंची पर्स उचलून पळाला. सगळं ठरवून केलेलं नाटक. मग बाईंनी काही माणसं ओळीत उभी केली आणि विचारलं, चोर कोण? बाकीचे चाचरत होते. आमचे महाशय तरातरा गेले आणि एकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाच. शंभर टक्के!" तो निघाला ग्रंथालयाचा शिपाई, चोरीच्या वेळी खाली पुस्तकं लावत होता. वर्ग पोट धरून हसला. बाई म्हणाल्या, "साक्षीदाराला खात्री आहे म्हणजे तो बरोबर आहे, असं नसतं." परीक्षेत नेमका यावरच प्रश्न आला आणि दादाला सगळ्यांत जास्त गुण पडले.

मला वाटलं, चला, आली एकदाची अक्कल. साक्षीच्या दिवशी सकाळी म्हटलं, "दादा, 'नक्की सांगता येत नाही' एवढंच म्हण. सुटेल रे तो."

"अगं, तो अभ्यास होता. इथे मी स्वतः पाहिलंय."

"पाठ पाहिलीस, पाठ!"

"तुला त्यातलं काय कळतं?" म्हणत त्याने इस्त्रीचा शर्ट चढवला. मीही हट्टाने सोबत गेले.

कोर्टात रंगाऱ्याच्या वकिलाने विचारलं, "एवढ्या अंधुक उजेडात ओळखलंत कसं?"

दादाने घसा खाकरला. "मी या विषयाचा विद्यार्थी आहे. साक्षीदार कुठे चुकतात, हे मी शिकलोय. म्हणूनच सांगतो, हाच तो." न्यायाधीशांनी मान डोलावली. मला तर त्याला तिथेच बखोट धरून ओढावंसं वाटलं.

साक्ष ऐकून बाहेर आलेली रंगाऱ्याची बायको बाकावर बसली होती. मी शेजारी टेकले. ती हळूच म्हणाली, "ताई, एवढा शिकलेला माणूस सांगतोय... खरंच आमच्या यांनी केलं असेल का हो?"