पिन काढली तेव्हाचा आवाज

मी जे सांगणार आहे ते दुसऱ्या कोणी मला सांगितलं असतं, तर त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं. भूत, करणी, अंगात येणं… यातलं मला काही पटत नाही, आजही. माझं माहेर गव्हाणचं. खाडीच्या बांधावर हडळ बसते म्हणून बायका संध्याकाळी तिकडे फिरकत नसत. मी त्याच बांधावरून सरपण आणायची. मला तिथे कुत्र्यांशिवाय कोणी भेटलं नाही. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचायची सवय राहिली. इथे लोक लिहितात ते अनुभव मी नेहमी वाचते आणि बऱ्याचदा हसते. हा मी कागदावर लिहिला, माझ्या मुलीने, सुनीताने, टाईप केला. तुम्हाला हसायचं असेल तर हसा.

आमचं घर पनवेलला, तलावाच्या मागच्या बाजूला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हॉल लांबट आहे. एका टोकाला टीव्ही, दुसऱ्या टोकाला बाल्कनीचं दार आणि दाराशेजारी भिंतीवर नेटचा डबा. राऊटर म्हणतात त्याला, आम्ही डबाच म्हणतो. डब्याखाली एक लाकडी खुर्ची. घरात मी आणि आमचे हे, दोघंच. सुनीता उरणला दिलेली. मुलगा नितीन जहाजावर नोकरीला.

जहाजावरून आठवलं, आधी तेच सांगते. माझे मोठे दीर होडी घेऊन समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. काहीच सापडलं नाही. तेव्हापासून ह्यांनी पाण्याचं नाव टाकलं. मिठागर गेल्यावर टेम्पो चालवला, पण होडीला हात लावला नाही. आणि नितीनने उरणची चांगली कंपनीतली नोकरी सोडून जहाज धरलं. घरात मोठं भांडण झालं. "पान्यावर गेलास तर माझ्याशी बोलू नको," हे म्हणाले. नितीन गेला. हे बोलायचे बंद झाले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही… वर्षं गेली.

पहिल्या सुट्टीत नितीनने स्मार्ट टीव्ही आणला, वर डोळ्यासारखा एक छोटा कॅमेरा बसवला आणि नेट घेऊन दिलं. जहाज बंदराला लागलं की तो फोन लावायचा आणि त्याचं तोंड आमच्या टीव्हीवर दिसायचं. म्हणजे नेट असेल तर. टीव्हीला त्या डब्याचं नेट कधी धड लागायचं नाही. फोनवर हातपंख्यासारखी खूण पूर्ण भरलेली असायची आणि टीव्ही म्हणायचा, नेट नाही. कधी नितीन बोलता बोलता तोंड उघडं ठेवून गोठायचा.

मग हे उठायचे. डब्याची पिन काढायची, थोडं थांबायचं, परत लावायची. हिरवे दिवे एकेक करून लागेपर्यंत बघत बसायचं. तेवढ्याने नाही झालं तर टीव्हीतलं नेट विसरायला लावायचं आणि पासवर्ड परत घालायचा. हे सगळं त्यांनी बघून बघून शिकून घेतलं होतं. आणि नेट आलं की स्वतः मात्र डब्याखालच्या खुर्चीत जाऊन बसायचे.

"आई, बाबा कुठायत?" नितीन टीव्हीतून विचारायचा.

"हायत तिथंच. डब्याशी झटतायत."

"बोलायला सांग ना."

मी मागे वळून म्हणायची, "अवो, पोरगा विचारतोय."

"त्याला सांग, मी कामात हाय."

"कसलं काम? मघापासून डबा पुसताय."

"धूल बसली तर नेट येत नाय. तुला काय कलतंय त्यातला?"

नितीन हसायचा. पण नुसतं तोंडाने.

एकदा नेटवाला माणूस घरी आला. सगळं तपासून म्हणाला, "आजोबा, डबा चुकीच्या जागी आहे. मध्ये भिंतीचा कोपरा येतो. टीव्हीच्या वर लावू, पाच मिनिटांचं काम आहे. परत कधी त्रास होणार नाही."

"ऱ्हाऊ दे तिथंच," हे म्हणाले.

"अहो, पण टीव्हीला—"

"सांगतंय ना, ऱ्हाऊ दे."

नेटवाल्याला वाटलं म्हातारा हट्टी आहे. हट्टी होतेच. पण मला माहीत होतं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलं की टीव्हीवरच्या कॅमेऱ्याला माणूस दिसत नाही, आणि नितीनचा आवाज मात्र नीट ऐकू येतो. डबा हलला असता तर तिथे बसायला कारण उरलं नसतं. मी ते नितीनलाही सांगितलं नाही. दोघांना त्यांचं त्यांचं कळायला हवं होतं.

ज्या वर्षी नोटबंदी झाली, त्या वर्षीच्या नवरात्रात हे गेले. नितीनचं जहाज बंदराला लागायचं होतं, फोन येईल म्हणून दुपारी जेवून हे खुर्चीत जाऊन बसले. हातात त्यांचा फोन. तो फोन फक्त घरच्या नेटवर चालायचा, बाहेरचा पॅक ते कधी मारत नसत. मी चहा घेऊन आले तर मान खाली गेलेली. फोन हातातून पडून सुटा झाला होता, मागचं झाकण एकीकडे, बॅटरी सोफ्याखाली. खालचे डॉक्टर वर आले. नाडी बघितली आणि ह्यांचे डोळे मिटले. जहाजाला उशीर झाला, नितीनचा फोन आलाच नाही त्या दिवशी.

लोक यायच्या आधी मी फोन, झाकण, बॅटरी गोळा केली, ह्यांच्या रुमालात बांधली आणि कपाटात ठेवून चावी कमरेला लावली. रडायच्या आधी मी हे केलं. का केलं ते माहीत नाही. माणूस काहीतरी आवरतो.

सुनीता आली. नेऱ्याहून माझी मोठी जाऊ आली, त्याच, ज्यांचे मालक समुद्रात गेले. गुडघ्यांमुळे त्या आमच्या घरी वर्षभर आल्या नव्हत्या, तीन मजले चढवत नाहीत म्हणून. त्या दिवशी बसत बसत चढल्या. संध्याकाळी पुरुष मंडळी ह्यांना घेऊन गेली. आमच्यात माणूस जिथे जातो तिथे मग दिवा लावतात, गेलेल्याचं पाऊल उमटतं म्हणून खाली तांदळाचं पीठ पसरतात, वर टोपली घालतात. दिवसकार्य होईपर्यंत तो दिवा विझू द्यायचा नाही. खुर्ची बाजूला केली, जागा सारवल्यासारखी पुसली, दिवा लावला.

तेवढ्यात जाऊबाईंचं लक्ष वर भिंतीकडे गेलं. डब्याचे हिरवे दिवे चमकत होते.

"त्या दिव्यासमोर दुसरा दिवा नको," त्या ओरडल्याच. "मिचमिच करतंय तो बंद करा आदी. माझ्या मालकाला दिवा लावायला जागा नव्हती. हिला हाय, तर नीट तरी लावू द्या!"

सुनीता म्हणाली, "काकी, तो नेटचा डबा आहे, दिवा नाही. दादाचा फोन आला तर?"

"उजेड पडतंय ना त्याचा? मंग दिवाच."

मला वाद नको होता. मी म्हटलं, "काढ गं सुनीता, काढ ती पिन." सुनीताने पिन काढली. हिरवे दिवे गेले. खाली एकटी वात राहिली.

हे सगळं बोलणं शब्दाला शब्द सांगते आहे, त्याला कारण आहे.

सकाळी पिठात बायकांना पाखराचं पाऊल दिसलं. मी वाकून बघितलं. मला पीठ दिसलं.

नितीनला कंपनीने जहाजावर कळवलं. भर समुद्रातून तो उतरणार कुठे? जहाजावरच्या फोनवरून दोन मिनिटं बोलायला मिळाली त्याला. रडत होता. मग म्हणाला, "आई, माझ्याबद्दल काही बोलले का? शेवटी?"

खोटं बोलायची मला सवय नाही. मी म्हटलं, "नाही रे."

त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. बाप गेला आणि न बोलता गेला. ते आता तो जन्मभर घेऊन फिरणार होता, आणि माझ्या हातात काही नव्हतं.

पुढे त्याचं जहाज कुठल्याशा बंदराला लागलं आणि त्याचा परत फोन आला. आवाज वेगळाच. "आई, बाबांचा मेसेज आलाय मला. आवाजाचा. घरी आलो की ऐकवतो." मी म्हटलं बरं. मला वाटलं, पोरगं स्वतःची समजूत घालतंय.

उन्हाळ्यात तो घरी आला. एका सकाळी मी तांदूळ निवडत होते, त्याने मला हॉलमध्ये बोलावलं. मी सूप घेऊन तशीच जाऊन बसले. डबा परत चालू केलेला होता, त्याच जागी. "फोनचा आवाज बारीक आहे, टीव्हीवर लावतो," म्हणाला. मी म्हटलं, लागायचा नाही, तुला माहितीये तो टीव्ही. पण लागला. एकदाही तुटला नाही.

आधी खूप बायकांची कुजबूज. भांडं ठेवल्याचा आवाज. आणि मग माझ्या जाऊबाईंचा आवाज, हॉलभर: "त्या दिव्यासमोर दुसरा दिवा नको. मिचमिच करतंय तो बंद करा आदी…"

माझ्या मांडीवरचं सूप खाली गेलं. तांदूळ सगळीकडे.

पुढचंही सगळं होतं. मालकाला जागा नव्हती ते, सुनीताचं "दादाचा फोन आला तर", आणि माझा स्वतःचा आवाज, "काढ गं सुनीता, काढ ती पिन."

आणि त्यावर, अगदी जवळून, फोन तोंडाशी धरल्यासारखा ह्यांचा आवाज. घाईत.

"नितीन. बंद करतायत हे आता. नीट ऱ्हा रे बाबा पान्यावर."

खट. संपलं.

नितीनचे डोळे भरले होते, पण चेहरा हलका झाला होता. किती वर्षांनी तो तसा दिसला. "बघ," तो म्हणाला. "बोलले ना शेवटी? जायच्या आधी पाठवला असणार. माझ्या फोनला नेट नव्हतं, म्हणून अडकून राहिला." वेळ बघितली का, मी विचारलं. म्हणाला, जहाजावर घड्याळं सारखी पुढेमागे करतात, वेळेचं काही खरं नसतं.

मग म्हणाला, "मागे काकी कसल्या दिव्याचं बोलतेय गं?"

"तिचं काय," मी म्हटलं, "दिवाबत्तीवरून ती कायम कोणाला तरी ओरडतच असते."

"आणि पिन?"

"अरे, पिन तर रोजच काढायचो आम्ही. नेट जायचं ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसून तांदूळ गोळा करायला लागला.

तो परत गेल्यावर मी आणि सुनीताने कपाट उघडलं. रुमालाची गाठ मी बांधली तशीच होती. सुनीताने बॅटरी बसवली, फोन चार्जिंगला लावला, चालू झाला. आत नितीनच्या नावाखाली काहीच नव्हतं. कोरं. ह्यांनी त्याला कधीच काही पाठवलेलं नव्हतं.

नेटवाल्याला मी विचारलं, डब्याची पिन काढलेली, फोनची बॅटरी काढलेली, तर निरोप जाईल का? तो हसला. "आजी, पिन काढली की हा डबा आणि साबणाची डबी सारखीच."

जाऊबाईंना विचारलं, वयनी, असं तुम्ही ह्याआधी कधी आमच्या घरात म्हणाला होतात का? त्या भडकल्या. "कशाला म्हनेन? तुझा नवरा जिता असताना त्याचा दिवा लावीन का मी?" का विचारलं ते त्यांना सांगितलं नाही.

कोणी म्हणेल कोणीतरी त्या गर्दीत आवाज भरून घेतला. घ्या. मग त्यात ह्यांचा आवाज कुठून आला? आणि ह्यांच्या नंबरावरून गेला कसा? मी खूप डोकं चालवलं. मला उत्तर मिळालेलं नाही. सुनीता म्हणते दादाने हे वाचलं तर? वाचलं तर वाचलं. मला वाटतं तांदूळ उचलताना त्याला कळलेलं होतं.

नितीन अजून जहाजावरच आहे. टीव्हीवर फोन लावतो, मध्येच गोठतो. डबा मी हलवू दिलेला नाही. आता पिन काढायचं काम माझ्याकडे. मी आजही असलं काही मानत नाही. पण पिनेला हात लावायच्या आधी मी मोठ्याने सांगते, "अवो, बंद करतेय." आणि जरा वेळ थांबते. काही बोलायचं राहिलं असेल तर बोलून घेऊ देत.