बीटाचं बेट

ये गं, अशी जवळ सरक. दारापाशी काय बसलीस पाहुण्यासारखी? सायखेडा ते नाशिक म्हणजे काय परदेश आहे का? पण तू दिवाळीनंतर आज उगवलीस. आणि वर मलाच विचारतेस, "अक्का, वाळलीस का गं?" वाळेन नाही तर काय. एकटीसाठी भाजी करायची म्हणजे एक वांगं चिरायचं. वांग्यालासुद्धा लाज वाटते.

आणि माझ्या हातात फोन बघून हसलीस ते मी पाहिलं बरं का. "या वयात गेम?" हस, हस. पण हसून झालं की ऐक.

तुझे दाजी गेल्यावर या सातपूरच्या घरात आवाज असा कुकरचाच. माझ्या लेकीची लेक हैदराबादला हॉस्टेलवर. तिला फोन लावायचे मी रोज. पण फोनवर बोलायचं काय? "जेवलीस का?" "हो." "काय होतं?" "मेसचं." "अभ्यास?" "चाललाय." "बरं." संपलं. दोघींचंही प्रेम होतं गं, पण शब्द नव्हते. मग मीच म्हणायचे, ठेवते, दूध उतू जाईल. दूध फ्रिजमध्ये असायचं.

मग मे महिन्यात ती इथं आली सुट्टीला, आणि जाताना तिने फोनमध्ये हा गेम घालून दिला. एक बेट आहे. चारी बाजूंना पाणी, मधे घर, विहीर, शेत. बेट तिच्या नावावर, मी तिची भागीदार. तिची बाहुली पिवळ्या टोपीची, माझी निळ्या झग्याची. मी म्हटलं, मला लुगडं दे. तर म्हणे, "आजी, लुगडं नाहीये गं यात." असू दे. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की मी बेटावर जायचे. ती हॉस्टेलातून लॅपटॉपवर यायची. मी टोमॅटो लावायचे, ती विहिरीचं पाणी आणायची. बोलायचं काही नाही. पिवळी टोपी शेजारी आहे, एवढंच. कधी ती माझ्याभोवती गोल गोल पळायची, चिडवायला. एक तास कसा जायचा कळायचं नाही. त्या एका तासावर मी बाकीचा दिवस ढकलत होते, हे तिला माहीत नव्हतं. मलाही तो तास गेल्यावरच कळलं.

झालं काय, एका संध्याकाळी बेट उघडेना. पाटी आली, "आवृत्ती जुळत नाही." मी बंद केलं, उघडलं, फोन पुसला. शेवटी पोरीला लावला.

"अगं आजी, अपडेट आलंय! द्राक्षाचा वेल आलाय, फिरायला नाव आलीय! तू घे ना अपडेट."

"कुठून घेऊ? फोनमधल्या त्या ॲपच्या दुकानात गेले तर नुसतं 'उघडा' लिहिलंय. अपडेटचं बटणच नाही."

"हां. तुझ्याकडे यायचंय अजून. माझं कॉम्प्युटरचं दुकान वेगळं. तिथं गेमवाल्यांनी ठेवलं की लगेच मिळतं. तुझ्या फोनच्या दुकानात आधी तपासतात, मग थोड्या थोड्या लोकांना वाटतात. काही बिघडलं तर सगळ्यांचं बिघडू नये म्हणून."

"म्हणजे पंगती," मी म्हटलं. "पहिली उठली की दुसरी. आणि आम्ही बायका शेवटच्या पंगतीला."

ती खूप हसली. म्हणाली, "येईल गं, दोन-चार दिवसांत."

मी म्हटलं, तू माझ्यासाठी जुनंच ठेव की तोवर. तर म्हणे, तिचं दुकान आपोआप नवं करून टाकतं, आणि जुनं आता मिळत नाही. तिला काय दोष द्यायचा? पंगतीत वाढलेलं ताटात आलंच होतं.

मग रोज दिवा लावायचा आणि दुकानात जाऊन बटण बघायचं. उघडा, उघडा, उघडा. मला त्या शब्दाचा इतका राग यायला लागला, सांगते. समोरची बाई विचारायची, "काकू, बरं नाही का?" काय सांगू तिला? माझी पंगत बसली नाही म्हणून?

आता ऐक पुढची मजा. तुला माहीत आहे, आपली शाळा चौथीला सुटली. पुढचं वाचायला शिकले ते किराणाच्या पुड्यांचे कागद आणि दुकानांच्या पाट्या वाचून. आणि पाट्यांवर काय शुद्ध लिहितात का कोणी? 'शिलाई'ची 'शीलाइ', 'दूध'चं 'दुघ'. म्हणून माझ्या डोळ्यांना खोडच लागली आहे. चुकलेलं अक्षर आपोआप दुरुस्त करून वाचायचं.

तर एके दिवशी मी त्या दुकानात खाली खाली सरकवत गेले, आणि तिथं लिहिलेलं, "बीटामध्ये सामील व्हा." मी मनात म्हटलं, बघ, इथंही शुद्धलेखनाची बोंबच. बेटामध्ये लिहायचं तर बीटामध्ये लिहून बसले! अगं, मला इतका आनंद झाला. पोर बेटावर, आणि दुकान म्हणतंय, या, बेटावर सामील व्हा. मी लगेच दाबलं. फोनने बराच वेळ काहीतरी उतरवून घेतलं. मी तोवर केस विंचरले. हस, पण विंचरले.

उघडलं तर बेट. पण मोकळं. घर नाही, टोमॅटो नाही. विहीर कोरडी. पिवळी टोपी नाही. मी किनाऱ्याने सगळीकडे फिरले, म्हटलं लपली असेल कुठं, चिडवायला. हाकाही मारल्या. गेममध्ये नव्हे, इथं, या खोलीत. मोठ्याने. माझाच आवाज तेवढा परत आला.

फोन केला. ती म्हणाली, "आजी, तू काय दाबलंस?"

"बेटामध्ये सामील व्हा."

तिकडून हसण्याचा आवाज. "अगं आजी, ते बीटा आहे, बेट नाही! बीटा म्हणजे कच्चं. पक्कं व्हायच्या आधी थोड्या लोकांना वापरायला देतात, काय बिघडतंय ते बघायला. त्यांचा सर्व्हर वेगळा असतो, तिथं आपलं बेट नाही. तू माझ्याही पुढे गेलीस!"

"मला पुढे नाही जायचं. मला तुझ्याजवळ यायचंय. तूही ये की तिथं बीटात."

"माझ्या दुकानात बीटा असतो, सेटिंगमध्ये निवडायचा, नको झाला की मागे यायचं. पण या गेमचा ठेवलाच नाहीये तिथं. माझा फोन वेगळ्या कंपनीचा, त्यावर तर आमंत्रण यावं लागतं, शिवाय वेगळं ॲप. प्रत्येक दुकानाचं वेगळं असतं गं."

"मग मी मागे कशी येऊ?"

"बीटा सोड, गेम पूर्ण काढून टाक, परत घाल. तिथं केलेलं मात्र राहणार नाही."

मला वाटलं, राहण्यासारखं काय आहे तिथं? पण एक सांगू? त्या कच्च्या बेटावर द्राक्षाचा वेल होता. मी लगेच नाही सोडलं. वेल लावले, रांग धरून, आपल्या सायखेड्याच्या मळ्यात असायचे तसे अंतर सोडून. छाटणी नाही, फवारणी नाही, सकाळी लावला की संध्याकाळी घड. आपले बाबा असते तर म्हणाले असते, असला मळा मला का नाही दिला देवानं? एवढे घड आले आणि दाखवायला कोणी नाही. शेवटी एका दुपारी काढून टाकलं सगळं. "खात्री आहे का?" असं विचारतो फोन. एवढं माणसंही विचारत नाहीत.

मग पुन्हा उघडा, उघडा. आणि एकदाचं आलं गं बटण. मी दिवा लावायच्या आधीच बेटावर पोचले. आमचं घर होतं, माझे टोमॅटो होते. आणि तिथं तीन अनोळखी बाहुल्या. हॉस्टेलच्या मैत्रिणी. मी नव्हते त्या दिवसांत पोरीने त्यांना घेतलं होतं भागीदार. विहिरीपाशी त्यांनीच वेल लावलेले, वाटेल तसे, एकावर एक.

पोरी गुणी आहेत हो. एकीने लिहिलं, "आजी, नमस्ते, आपके बारे में बहुत सुना है." पण त्यांचं बोलणं हिंदी-इंग्रजीत भरभर, मी एक ओळ लावते तोवर वर दहा निघून जातात. सगळ्या नावेत बसल्या. पिवळी टोपी थांबली माझ्यासाठी. "चल ना आजी." मला नावेत चढायचं बटण सापडेना. मी लिहिलं, तुम्ही जा, माझं पाणी घालायचं राहिलंय. गेली ती. जाऊ दे, तिच्या वयाची माणसं मिळाली तिला परक्या गावात, मला नको का बरं वाटायला? वाटतं. बरं वाटतं आणि एकटंही वाटतं, दोन्ही एकदम.

आता त्या सगळ्या जेवणं आटपून उशिरा खेळतात. तोवर मी पेंगते. म्हणून संध्याकाळी मी एकटीच बेटावर असते. टोमॅटोला पाणी घालते. त्यांच्या त्या वेड्यावाकड्या वेलांनाही घालते. सकाळी कधी पोरीचा निरोप असतो, "आजी, घड तू काढलेस का? थँक्यू." तो मी दिवसभर दोन-तीनदा वाचते.

अगं, उठलीस? शेवटची बस म्हणजे काय, रोजच असते की. बरं जा, सुनेला काळजी लागेल. पण ऐक, पुढच्या आठवड्यात ये. तास-दोन तासांसाठी नको, चांगली राहायला ये. गेम नाही शिकवणार तुला, घाबरू नकोस. दोन वांगी चिरेन. तू नुसती बस इथं, दिवेलागणीला. ये हं लवकर.