वहिनीचा हात

वहिनी आधी मारायची आणि मग विचारायची. गोठ्यात शिरलेलं कुत्रं असो, बांध कोरणारा शेजारी असो की उंबऱ्यावर उभा राहिलेला पुतण्या, पहिला फटका पडल्यावरच तिचं बोलणं सुरू व्हायचं. "आता सांग, काय करत व्हतास?" गावातली पोरं तिला पाठीमागे फटकावहिनी म्हणत. पण फटका पडायचा तो पाठीवर नाहीतर पोटरीवर. मानेच्या वर तिचा हात कधी गेला नाही.

ती माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागून. मी आणि माझी बायको दोघंही कंपनीत पाळीवर जायचो, म्हणून आमची सायली दिवसभर वहिनीकडे असायची. सायलीचा उजवा कान ती रांगत होती तेव्हापासून वाहायचा. उशीवर डाग, कापसाचे बोळे, तो वास. थेंब घातले की काही दिवस बरा, सर्दी झाली की पुन्हा तेच. पडद्याला भोक आहे, पाणी जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आम्ही विसरायचो. वहिनी विसरली नाही.

एकदा शेजारची म्हातारी लसणाचं गरम तेल घेऊन आली. "दोन थेंब सोड गं, ठनका जाईल." वहिनीने तिच्या हातातली पळी हिसकावली आणि तेल तिच्या पायांशी ओतलं. म्हातारी किंचाळत मागे सरली. "आदी तुज्या कानात वत, मग माज्या पोरीच्या!" दुसऱ्या वेळी समोरच्या घरी हळद होती. डीजेने भिंती थरथरत होत्या, सायली कान दाबून कोपऱ्यात रडत होती. वहिनी कोयता घेऊन गेली आणि एका घावात वायर तोडली. दोन पोरं अंगावर धावून आली. कोयता खाली न करता ती म्हणाली, "या रं या! नवऱ्याला लावून उरली आसंल हळद, तुमाला बी लागंल आता." पोरं थांबली.

आता माझं. एका रविवारी सायली रस्त्याच्या कडेला खेळत होती. मागून टेंपो येत होता. मी हाका मारत राहिलो, ती वळली नाही. टेंपो तिच्या अगदी जवळून निघून गेला. मी धावलो, तिला ओढलं आणि कानफटात ठेवून दिली. "ऐकायला येत नाही का?" असं ओरडलोही. त्याच कानावर. फ्रॉकची कॉलर रक्ताने भिजली.

वहिनी अंगणातून दांडकं घेऊन आली. डोकं सोडून तिने मला सगळीकडे मारलं. दांडकं मोडलं तेव्हा माझं मनगटही मोडलं होतं. आणि मारून झाल्यावर तिने काहीच विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "पडली."

"पडली नाय," मागून वहिनी म्हणाली. "ह्यानं मारली."

परतताना ती रिक्षात बोलली. वहिनीला डाव्या कानाने ऐकू येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि का येत नाही तेही. "तुज्या भावानं मारलं तवा मी बी डॉक्टरला पडले म्हनून सांगितलं. त्यानं माजा गुडगा बगितला. कान र्‍हायला तसाच." भावाने तिला मारलं तेव्हा मी ओटीवर जेवत होतो. मी उठलो नाही. भाकरी संपवली. एरवी मला भावजी म्हणणारी वहिनी दवाखान्याच्या त्या दिवसापासून मला एकेरीत बोलावू लागली.

पुढे प्रत्येक नव्या डॉक्टरकडे ती सोबत आली. माझ्या मागे उभी राहायची आणि म्हणायची, "सांग." मग मी सांगायचो. सायलीचं ऑपरेशन झालं, कान वाहायचा थांबला. त्या कानाचं ऐकणं मात्र फारसं परत आलं नाही.

गेल्या वर्षी मोठा रस्ता ओलांडताना डावीकडून आलेला डंपर वहिनीला ऐकू आला नाही. भाऊ सरणाजवळ ऊर बडवून रडला. मला वाटलं, उठावं आणि त्याचा गळा धरावा. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि बसून राहिलो.

सायली आता कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात कानाच्या मशीनसाठी तिला कर्जतला नव्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी कानात बघून विचारलं, "कधी मार लागला होता का?"

"लहानपणी पडले होते," सायली चटकन म्हणाली. माझ्याकडे न बघता, मला सांभाळून घेत.

माझ्या मागे कोणीच उभं नव्हतं.

"पडली नाही," मी म्हणालो. "मी मारलं होतं." आवाज नीट फुटलाच नाही. डॉक्टरांनी मान हलवून लिहून घेतलं.

सायली खुर्चीतच फिरली. तिने डावा, चांगला कान माझ्याकडे केला.

"परत बोला, पप्पा," ती म्हणाली. "मला ऐकायला नाही आलं."