शेपटीवाली सवत

आमचे हे श्वानपथकात हवालदार. म्हणजे देश नशामुक्त सरकार करतं, आणि हे कुत्रीचा पट्टा धरून मागे चालतात. त्या कुत्रीला मी सवतच म्हणते. तिला न्हाऊ घालणं, कान पुसणं, लाडानं बोलणं, सगळं करतील. माझ्याशी बोलायचं म्हणजे "चहा झाला का?"

यंदा सरकारनं नशेचा नायनाट करायला मुहूर्त काढला. मंडप, बँड, कॅमेरे, मंत्री! गुन्हेगार ऐनवेळी येतील न येतील, म्हणून साहेबांनी आदल्या दिवशीच एका बॅगेत पुडी लपवून ठेवली. कुत्रीनं ती मंत्र्यांसमोर हुडकायची, की टाळ्या. खेळ नीट पार पडला, तर ह्यांची अडलेली बढती सुटणार होती. मी तर मनातल्या मनात नव्या घराचे पडदेही शिवून टाकले होते.

मीही मंडपात बायकांच्या रांगेत बसले होते. कुत्री सुटली. बॅग राहिली बाजूला आणि बाई थेट गेली मंडपाला खेटून उभ्या असलेल्या लांबलचक गाडीकडे. डिकीमागे बसकण मारली. गाडी कुणाची? मोहिमेचा सगळा खर्च उचलणाऱ्या शेठजींची!

साहेब हसत म्हणाले, "ऊन लागलंय तिला. न्या, न्या!"

ह्यांनी नुसता पट्टा ओढायचा होता. पण ह्यांच्या कामातली रीत अशी, की कुत्रं बरोबर जागी बसलं की लगेच त्याला रबरी चेंडू द्यायचा. नाही दिला, तर ते समजतं आपलं चुकलं. ती ह्यांच्या तोंडाकडे बघत बसलेली. ह्यांचा हात खिशात. अहो, नको, बढती! माझा जीव नुसता टांगणीला.

ह्यांनी सगळ्यांदेखत चेंडू काढून तिला दिला. वर "शाब्बास, पोरी!"

डिकी काही उघडली नाही. किल्लीच सापडेना म्हणे! संध्याकाळच्या बातम्यांत देशाची नशामुक्तीकडे घोडदौड चालली होती. कुत्रीचं नाक गेलं, असा दाखला डॉक्टरांनी तिला न बघताच दिला आणि तिला कुठल्याशा लांबच्या गोदामावर राखणीला धाडलं. ह्यांची बढती बुडाली, नेमणूक फाटकावर.

मी घर डोक्यावर घेतलं. "अख्खं खातं खोटं बोलतंय, तुमचीच जीभ झडली असती का?"

हे मग म्हणाले, "अगं, साहेबांशी खोटं बोललो असतो. आजवर काय कमी बोललोय? पण तिच्याशी कसं बोलू?"