ताइस्तोच्या मचाणावर एर्सिलिया

माझी वहिनी एर्सिलिया ही आमच्या गावातली सगळ्यांत जास्त बोलणारी बाई. हे मी कौतुकाने सांगतोय की तक्रारीने, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. ती तांब्याच्या खाणीत राबायला आलेल्या इटालियन घरातली. आम्ही फिनिश. आमच्याकडे माणूस बेताने बोलतो आणि उरलेले शब्द उद्याला ठेवतो. त्यातही माझा थोरला भाऊ ताइस्तो चिक्कू. रस्त्यावरचा बर्फ सारायच्या गाडीवर त्याने सगळं आयुष्य काढलं. मिशिगनच्या या वरच्या टोकाला बर्फाला तोटा नाही, त्यामुळे कामालाही नव्हता. दिवसभर एकटाच गाडीत बसायचा, आणि घरी आला की एर्सिलिया.

ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. कोणत्या पोराने काय टाकलं, कोणाच्या डब्यात काय होतं, वाढपातली दुसरी बाई मुद्दाम मीठ कसं जास्त घालते, हे सगळं ती सूपच्या पहिल्या चमच्यापासून सुरू करायची, ते कॉफी निवेपर्यंत. ताइस्तो खिडकीबाहेर बघत ‘हं’ म्हणायचा. बस, एवढंच. मी समोर बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, धन्य आहे माझ्या भावाची.

नोव्हेंबरात शिकारीचा मोसम उघडला की ताइस्तो रानात जायचा आणि पहाटेपासून अंधार पडेपर्यंत मचाणावर बसायचा. सगळेच बसतात. रानात आमचा एक लाकडी कॅम्प आहे, आम्ही चार-पाच जण तिथे उतरतो, प्रत्येकाचं आपापलं मचाण. दुसऱ्याच्या मचाणावर कोणी चढत नाही. तो मेला तरी नाही. ते आपोआप कुजून पडेपर्यंत तसंच राहू द्यायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कोणी मोडत नाही.

पण शेवटची काही वर्षं ताइस्तो हरीण आणीनासा झाला. नेम तर गावात सगळ्यांत चांगला त्याचाच. आमच्या कॅम्पातला यालमार, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तो म्हणायचा, “ताइस्तो हरणासाठी चढत नाही रे, कानांसाठी चढतो. वर्षातनं पंधरा दिवस कानांना सुट्टी.” सगळे हसायचे. एर्सिलियासमोरही म्हणायचा. तीही हसायची, आणि त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा टाकायची.

ताइस्तो बर्फ वितळायच्या दिवसांत गेला. दफनानंतरच्या कॉफीला यालमारने पुन्हा तोंड उघडलं. “चला, आता ताइस्तोला कायमची शांतता.” वाईट मनाने म्हणाला नाही, त्याला रडू आवरायचं होतं. लोक हसले. एर्सिलियाही हसली. मग चर्चच्या मोरीवर कप विसळताना, माझ्याकडे पाठ करूनच, तिने विचारलं, “कालेर्वो, खरं आहे का रे ते?”

“काय?”

“तो माझ्यापासून पळून जायचा, ते.”

मी कप पुसत राहिलो. मला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. “मला काय ठाऊक,” एवढंच म्हणालो.

त्या उन्हाळ्यात ती कमी बोलायला लागली. गावाला आधी बरं वाटलं असेल, पण मग चुकल्यासारखं व्हायला लागलं. पोस्टात गेली की पाकीट घेऊन सरळ बाहेर. तिच्या घरी गेलो तर घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. त्या घरात घड्याळ आहे हे मला तोवर माहीतच नव्हतं.

मेपलची पानं लाल झाली तेव्हा ती माझ्या दारात उभी राहिली. अंगात ताइस्तोचा नारिंगी कोट, गुडघ्यांखाली पोचलेला, आणि हातात शिकारीचा परवाना.

“मला त्याच्या मचाणावर बसायचंय. शिकव.”

“वहिनी, तुला हरीण मारायचंय?”

“हरीण गेलं खड्ड्यात. तो तिथे बसून काय करायचा ते मला बघायचंय. माझ्यापासून पळत असेल तर तसं कळू दे. रडेन, मोकळी होईन. पण हे असं अधांतरी मला जगता येत नाही.”

मी यालमारला सांगितलं. तो म्हणाला, “बाई मचाणावर बसली तर हरणं शेजारच्या जिल्ह्यात जातील.” एर्सिलिया तिथेच होती. म्हणाली, “जाऊ देत. इथे राहून तरी तुला कुठे सापडतात?” मग कोणी आडवं आलं नाही. मेलेल्याच्या मचाणावर त्याच्या बायकोने चढावं की नाही, याला आमच्यात नियमच नव्हता.

मग मी तिला थंडीत बसायला शिकवलं. नेम धरणं सोपं असतं. खडीच्या खाणीत दोन-तीनदा नेलं, तिला जमलं. अवघड असतं ते बसणं.

“चालत जाताना जाड कोट घालायचा नाही. पाठीला बांधायचा,” मी सांगितलं.

“आणि थंडी?”

“चालताना थंडी वाजू दे. घाम आला की संपलीस. तो घाम तासाभरात अंगावर गोठतो. वर चढायचं, दम खाऊ द्यायचा, मग कोट.”

बूट सैल हवा, आत लोकरीचे मोजे. घट्ट बुटात बोटं आधी मरतात. बंदूक घरात आणायची नाही, पडवीतच ठेवायची. उबेत आणली की तिच्यावर दव धरतं आणि बाहेर नेल्यावर ते गोठतं; तेल जास्त असेल तर तेही गोठून बसतं. चढताना बंदूक हातात नको. आधी आपण वर, कमरेचा पट्टा झाडाला, मग रिकामी बंदूक दोरीने ओढून घ्यायची. कपडे साबणाने धुवायचे नाहीत, हरणाला वास लागतो; फरच्या झाडाच्या फांद्यांत टांगून ठेवायचे. मांस-बटाट्याची भाजलेली पेस्टी वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या आत, पोटाशी. सकाळभर ती तुला ऊब देते, मग तू तिला खायचं.

“हे आवडलं,” ती म्हणाली. “बाकी सगळं तुरुंगासारखं आहे.”

“आणि पाय लोंबकळू द्यायचे नाहीत. थंडी पायांतनं चढते. पाय सपाट टेकलेले पाहिजेत.”

यावर दोघांनीही तिच्या पायांकडे बघितलं, कारण एर्सिलिया बुटकी. ताइस्तोचे पाय टेकतील अशा बाकावर तिचे अधांतरी राहणार हे उघड होतं. शेवटी गवत भरलेली बालदी न्यायची ठरली. उपडी घातली की पाटासारखी, आणि तीवर गवत.

पहिल्या दिवशी झुंजुमुंजू होत असताना मी तिला झाडाखाली नेलं. आदल्या संध्याकाळी बर्फ पडला होता, पाऊल वाजत नव्हतं. ताइस्तोने हे मचाण निवृत्त झाल्यावर पुन्हा नव्याने बांधलं होतं, एकट्याने, कोणाची मदत न घेता. छातीएवढ्या फळ्या चारी बाजूंनी, वर छप्पर. खालून आतलं काही दिसत नाही. एर्सिलिया शिडी चढली, आत वाकून बघितलं आणि तशीच थांबली. मला वाटलं, दम लागला. मग आत गेली, पट्टा बांधला, दोरी सोडली. मी बंदूक बांधून दिली. मग बालदीला गाठ मारायला लागलो तर वरून कुजबुजली, “बालदी नको.”

“पाय गोठतील.”

“नको म्हटलं ना.”

हट्टी बाई, मी म्हटलं, आणि दलदलीच्या पलीकडे माझ्या मचाणाकडे निघालो.

थंडीत झाडावर बसणं म्हणजे काय, हे न बसलेल्याला सांगून कळत नाही. आधी तुम्ही ऐकता. खोडं तडतडतात, फांदीवरचा बर्फ धप्पकन खाली येतो. मग ऐकणंही थांबतं. उजेड कुठून येतो कळत नाही, आधी बर्फच उजळतो आणि आभाळ मागाहून. श्वास मिशीवर गोठत जातो. तेव्हा मन दोरी सुटलेल्या नावेसारखं हळूच निघून जातं. मला आई दिसली, गाईच्या धारा काढताना, बादलीतून वाफ येतेय. मग ती आई नव्हती, वाकलेली सीडरची फांदी होती. मग पुन्हा आई झाली. ताइस्तो लहानपणी माझे हात स्वतःच्या काखेत घालून ऊब द्यायचा, ते हात मला पुन्हा जाणवले. झोपलेलो नव्हतो. पण जागाही होतो असं म्हणवत नाही. मचाणावर मेलेली माणसं येऊन जातात, आणि कोणीच कोणाला काही विचारत नाही.

त्या तंद्रीत मला एर्सिलियाचा आवाज ऐकू आला. सूप, कॉफी, शाळेतली पोरं, तोच चढउतार, तीच लय. मला वाटलं हेही मनातलंच. मग ध्यानात आलं, आवाज खराच आहे, दलदलीपलीकडून येतोय. आणि माझं डोकं फिरलं. मोसमाचा पहिला दिवस! माणसं वर्षभर याची वाट बघतात, लग्नंसुद्धा या दिवशी लावत नाहीत. आणि ही बाई झाडावर बसून रानभर ऐकू जाईल अशी बोलतेय.

शब्द कळत नव्हते. मध्येच आवाज चढायचा, भांडल्यासारखा. मध्येच हसायची. मध्ये थोडं थांबायची, कोणी ‘हं’ म्हणायला लागेल तेवढं, आणि पुन्हा सुरू. माझा राग हळूहळू कुठे गेला कळलं नाही. तेवढ्यात समोरच्या फरच्या झाडीतून हरणाचा एक नर बाहेर आला. मोठा, जाड मानेचा. तो पळाला नाही. तिच्या दिशेने कान फिरवून उभा राहिला, पुढचा एक पाय उचललेला. किती वेळ, सांगता येत नाही. बंदूक माझ्या मांडीवर होती आणि ती मांडीवरच राहिली. मग तो गेला. मी खाली उतरलो आणि दलदलीला वळसा घालून तिच्याकडे निघालो.

झाडाखालून हाक मारली. “वहिनी.”

“ये वर.”

“मी कसा येऊ? ते ताइस्तोचं आहे.”

“मी सांगतेय ना, ये आणि बघ.”

शिडीच्या शेवटच्या पायरीवरून मी आत डोकावलो. बाक लांब होता, दोघांचा. डावी बाजू ताइस्तोच्या पँटने घासून घासून गुळगुळीत झालेली. उजवी कोरी, वखारीतून आज आणल्यासारखी. त्या कोऱ्या बाजूला, एर्सिलिया बसली होती तिच्या खाली, एक आडवी फळी ठोकलेली होती, मचाणाच्या तळापासून वर. तीवर त्यांच्या दिवाणखान्यातल्या जुन्या लाल गालिच्याचा तुकडा, कडा दुमडून खिळे मारलेला. त्यावर तिचे दोन्ही पाय सपाट टेकले होते. बरोबर तिच्या मापाचं. ताइस्तोच्या बाजूला अशी फळी नव्हती. त्याला लागतही नव्हती.

“पायांना अजिबात थंडी वाजत नाहीये,” ती म्हणाली. डोळ्यांखाली गालांवर पाणी गोठलं होतं. “कालेर्वो, मला हे कोणी का नाही सांगितलं?”

“आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.”

“त्याने तरी! एकदा ‘चल’ म्हणायचं. एवढी वर्षं टेबलाशी समोर बसत होता. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती?”

मी शिडीला धरून उभा राहिलो. कसं समजावणार होतो? आमच्यात ‘चल’ म्हणत नाहीत. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवतो, धूर दिसला की ज्याला यायचं तो टॉवेल खांद्यावर टाकून येतो. ‘ये’ म्हटलं तर समोरच्याला नाही म्हणणं जड जातं. म्हणून जागा करून ठेवायची आणि वाट बघायची. ताइस्तोने फळी ठोकली, तिच्या पायाचं माप मनातल्या मनात धरून, आणि वाट बघितली. प्रत्येक नोव्हेंबरात ती त्याला पेस्टी बांधून द्यायची आणि दारात म्हणायची, बाई गं, तुझ्यासारखं तोंड मिटून बसायचं म्हणजे मी मरूनच जाईन. तो ‘हं’ म्हणायचा आणि निघायचा.

तिलाही तेच आठवलं असावं. आवाज एकदम लहान झाला. “मी आले असते रे. आणि गप्पही बसले असते. दिवसभर. त्याच्यासाठी एवढं केलं असतं मी.”

मी त्या बाकाकडे बघितलं. आम्ही सगळे किती मूर्ख, असं वाटलं, आणि त्यात माझा भाऊ सगळ्यांत पुढे. मी म्हणालो, “वहिनी, बायको गप्प बसावी असं वाटणारा माणूस झाडावर दोघांचा बाक बांधत नाही. हरीण पाहिजे असतं तर तुझी जागा केलीच नसती त्याने.”

मग तिने हातमोज्याने नाक पुसलं, कोटाच्या आतून पेस्टी काढली, मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. अर्धी वर्तमानपत्रासकट डाव्या बाजूला ठेवली, त्या गुळगुळीत जागेवर.

“जा तू आता,” ती म्हणाली. “अजून शाळेचं सांगायचं राहिलंय.”

मी उतरलो. माझ्या मचाणापर्यंत पोचेस्तोवर तिचा आवाज पुन्हा लागला होता, आणि अंधार पडेपर्यंत तो चालू राहिला. त्या दिवशी आमच्या रानात कोणालाच हरीण मिळालं नाही. संध्याकाळी कॅम्पात यालमार बूट काढत म्हणाला, “आज छान होता दिवस,” आणि बाकीच्यांनी मान हलवली.